उपाशी बॅटरी

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस पेणला रात्र अशी नसतेच. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती निघतात, टेम्पोच्या हौद्यात पेंढ्याच्या गादीवर दाटीवाटीने बसतात, वर ताडपत्री आवळली जाते आणि गाडी पावसात महामार्गाला लागते. वडखळच्या अलीकडे रांग ठरलेली. पुढचा हलला की मागचा वीतभर सरकतो. अशाच एका रांगेत आरशातून मागच्या टेम्पोचे हेडलाइट पांढऱ्याचे पिवळे, पिवळ्याचे तांबूस होत गेलेले मी पाहिले आणि मनात म्हटलं, याची बॅटरी गेली. पुढच्या वर्षी त्याच रांगेत माझी स्वतःची पेट्रोल गाडी बंद पडली. तेव्हाही निदान तेच. सकाळी नवी बॅटरी घेतली. दुकानदाराने काही मोजलं नाही, मीही मोजायला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी रोह्याला जाताना भिसे खिंड उतरलो आणि गाडी पुन्हा रस्त्याच्या कडेला, नव्या बॅटरीसकट.

रोह्यातले जे ऑटो इलेक्ट्रिशियन आले त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "लाल दिवा लागत होता का?" लागत होता. पण नीट नाही. डॅशबोर्डवरचं बॅटरीचं चित्र आठवडाभर अगदी मंद, अंधारात डोळे फाडून पाहिलं तरच दिसेल इतपत पेटलेलं होतं. पूर्ण लागला असता तर घाबरलो असतो. अर्धवट म्हणून सोडून दिला. ते हसले. "बॅटरी नाय मेली दादा, उपाशी आहे ती. जेवण कुठे अडलंय ते बघू."

गाडीच्या विजेचा सगळा हिशेब या एका वाक्यात आहे, तो आधी मांडायला हवा. बॅटरी ही गाडीची तिजोरी. सेल्फ मारताना त्या दोन-तीन सेकंदांत छोट्या गाडीतही शे-दीडशे अँपिअर, मोठ्या डिझेलला त्याच्या कितीतरी पट, असा मोठा खर्च ती एकरकमी करते. इंजिन सुरू झालं की घर चालवायचं काम अल्टरनेटरचं. तो पट्ट्यावर फिरतो, वीज तयार करतो, दिवे-वायपर-पंखे यांचा चालू खर्च भागवतो आणि वरची शिल्लक तिजोरीत भरतो. त्याची कमाई इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून. एखाद्या छोट्या गाडीच्या अल्टरनेटरवर ६५ अँपिअर लिहिलेलं असतं ते जोरात पळतानाचं. आयडलवर त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळाले तरी बरं म्हणायचं. आता वडखळच्या रांगेतला खर्च धरा. हेडलाइटचे दोन बल्ब मिळून ११० ते १२० वॅट, म्हणजे जवळपास १० अँपिअर. पुढचे-मागचे बारके दिवे दोन-तीन. वायपर चार-पाच. काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर पूर्ण जोरात, आणखी दहा. पेट्रोल पंप, इंजेक्टर, इग्निशन आणि इंजिनाचा संगणक मिळून आठ-दहा. रांगेत वारा लागत नाही म्हणून रेडिएटरचा पंखा अधूनमधून फिरणार, तो वेगळाच. बेरीज चाळीसच्या पुढे, मिळकत तीस-पस्तीस. फरक तिजोरीतून. धडधाकट यंत्रणेलाही ही रांग तासभर सोसते, रात्रभर नाही. जिची आधीच गळती चालू आहे तिला तर तासही जड.

मिस्त्रींनी मदतनिसाला सांगितलं, "डायनामोची बाजू मोकळी कर." माझ्या गाडीत डायनामो नव्हता. गेल्या कित्येक वर्षांत तयार झालेल्या कुठल्याच गाडीत नाही. पण गॅरेजच्या भाषेत तो शब्द मुरलाय आणि त्याच्या जोडीचा 'कटआउट'ही. हे दोन्ही शब्द म्हणजे जुन्या फियाट आणि अँबॅसेडरच्या काळाचे अवशेष आहेत.

गाडीला विजेचा सेल्फ मिळाला १९१२च्या कॅडिलॅकमध्ये, चार्ल्स केटरिंगमुळे. हाताने हँडल मारणं संपलं, पण मग बॅटरी भरायची सोय गाडीतच लागू लागली आणि पुढची जवळपास पन्नास वर्षं ते काम डायनामोने केलं. डायनामोत चुंबक बाहेर स्थिर आणि वीज तयार करणारं आर्मेचर आत फिरतं. त्यामुळे तयार झालेली सगळीच्या सगळी वीज फिरत्या भागातून त्याला घासणाऱ्या कार्बनवाटे बाहेर काढावी लागते. कार्बन झिजतात, कॉम्युटेटर जळतो, फार जोरात फिरवावं तर आर्मेचरच्या तारा उसळून बाहेर यायची भीती. अँबॅसेडरच्या पिढीतला ल्युकसचा सी-४० डायनामो पूर्ण जोरात २२ अँपिअर द्यायचा, आणि आयडलवर जवळपास काहीच नाही. शिवाय इंजिन मंदावलं की बॅटरीच उलटी डायनामोला फिरवू पाहणार. ती वाट तोडायला जो विद्युतचुंबकी खटका बसवलेला असे तो कटआउट. आज त्या नावाने ओळखतात तो व्होल्टेज रेग्युलेटर. वाट तोडण्याचं त्याचं मूळ काम कधीच गेलं, नाव तेवढं राहिलं.

अल्टरनेटरने मांडणी उलटी केली. चुंबक आत फिरतं, तारांची गुंडाळी बाहेर स्थिर. आतलं चुंबक म्हणजे रोटर: एक वेटोळं आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंनी नखं एकमेकांत अडकावीत तसे लोखंडी पंजे. कार्बनमधून आता फक्त या रोटरला चुंबकत्व द्यायला लागणारा तीन-चार अँपिअरचा प्रवाह जातो. त्या चिमूटभर प्रवाहावर बाहेरच्या स्टेटरमधून साठ-सत्तर अँपिअर निघतात आणि ते जाड, स्थिर तारांतून, कुठेही घासल्याशिवाय. म्हणून अल्टरनेटरचे कार्बन लाखभर किलोमीटर टिकू शकतात. स्टेटरमधून निघते ती मात्र तीन फेजची प्रत्यावर्ती, म्हणजे एसी वीज. बॅटरीला हवी एकाच दिशेची. ते वळण लावायला सहा डायोड, तीन धन बाजूला, तीन ऋण बाजूला. डायोड एकाच दिशेने वीज सोडतो, त्यामुळे उलट्या प्रवाहाची वाट आपोआप बंद आणि कटआउटची गरज संपली. फॅरडेने १८३१मध्येच दाखवलेल्या तत्त्वावरचा अल्टरनेटर गाडीत यायला एवढा उशीर का लागला, याचं उत्तर हे सहा डायोड आहेत. स्वस्त, टणक, इंजिनाची उष्णता सोसणारे सिलिकॉनचे डायोड मिळू लागले तेव्हा कुठे, १९६०च्या हंगामातल्या क्रायस्लर व्हॅलियंटवर अल्टरनेटर नेहमीचा भाग म्हणून आला. आपल्याकडे चेन्नईजवळच्या पाडीला ल्युकस-टीव्हीएस ही कंपनी १९६१ साली स्थापन झाली. जुन्या-नव्या गाड्यांच्या अल्टरनेटरवर ते नाव रोह्यातल्या मिस्त्रींच्या कामाच्या बाकावरही सतत दिसतं.

आता तो मंद दिवा. किल्ली फिरवली, इंजिन अजून बंद आहे. बॅटरीची वीज किल्लीतून दिव्यात, दिव्यातून अल्टरनेटरच्या डी प्लस नावाच्या टोकाला आणि तिथून रोटरच्या वेटोळ्यातून बॉडी अर्थला जाते. दिवा लागतो आणि त्याच प्रवाहाने रोटरला पहिलं चुंबकत्व मिळतं. म्हणजे हा दिवा नुसती सूचना नाही, तो चूल पेटवणारी काडी आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत बल्ब उडाला की अल्टरनेटर चार्जिंगच सुरू करत नाही, आणि मालक मात्र दिवा लागत नाही म्हणून निर्धास्त. किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद असताना लाल दिवा लागतोय का, ही पहिली तपासणी फुकटची आहे आणि ती रोज होते, आपण पाहत नाही इतकंच. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर वीज करू लागला, की डी प्लसच्या टोकालाही बॅटरीइतकंच व्होल्टेज चढतं. दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच जोर. रस्सीखेचीत दोन्ही संघ बरोबरीचे असले की दोर हलत नाही, तसा प्रवाह थांबतो आणि दिवा विझतो. कोणी विझवत नाही.

मग मंद कधी लागतो? दोन्ही बाजूंचा जोर जवळजवळ सारखा, पण पुरता सारखा नाही, तेव्हा. एखादा डायोड गेलेला असू शकतो. किंवा अल्टरनेटर ठणठणीत आहे आणि त्याने केलेली वीज बॅटरीपर्यंत पोचता पोचता वाटेत मार खाते आहे. हे दोन आजार वेगळे करायला मल्टिमीटर पुरतो, आणि तोही बाजारातला साधा. फक्त कुठे टेकवायचा ते माहीत हवं.

मिस्त्रींनी ज्या क्रमाने टेकवला तो क्रम मी नंतर वहीत लिहून घेतला. आधी इंजिन बंद, बॅटरीच्या थेट शिशाच्या खांबांवर. पूर्ण भरलेली, काही तास विसावलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२च्या खाली म्हणजे तळ. माझी ११.७. दुसऱ्या बॅटरीचा आधार देऊन इंजिन सुरू केलं, आधार काढला, ॲक्सिलरेटर थोडा दाबून दोनेक हजार फेऱ्यांवर धरला. या वेळी बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. १५च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलेला: बॅटरीचं पाणी उकळतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, बल्ब पटापट उडतात. माझ्याकडे आलं १२.९. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर तेही घसरत १२.३ वर.

इथे दहापैकी नऊ ठिकाणी निकाल ऐकू येतो की अल्टरनेटर गेला, बदला. मिस्त्रींनी मीटरची लाल वायर बॅटरीवरून उचलली आणि अल्टरनेटरच्या पाठीवरच्या जाड नटावर, बी प्लसवर टेकवली. नटाच्या टोकावर, वायरच्या टोकाला दाबलेल्या लगवर नाही. आकडा १४.४. त्यांनी मला मीटर दाखवला आणि काही बोलले नाहीत. यंत्र १४.४ व्होल्ट करत होतं, बॅटरीला १२.९ मिळत होते, दीड व्होल्ट हातभर वायरीत गायब. नंतर त्यांनी मीटरची एक वायर बी प्लसवर आणि दुसरी बॅटरीच्या धन खांबावर ठेवली. अशा ठिकाणी मीटर दोन टोकांतला फरक सरळ वाचून देतो. तो ०.२ व्होल्टच्या आत हवा. तशीच परीक्षा ऋण बाजूची: अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण खांबापर्यंत, तीही तेवढीच. दोष धन बाजूला होता.

नटावरची रबरी टोपी काढली तर ती टोपी राहिलीच नव्हती. कडक, तडकलेली, कोळशासारखी. खाली लग हिरवा. वायर आणि लगच्या दाबलेल्या जोडात तांब्याचा गंज शिरून अर्ध्याहून अधिक तारा तुटलेल्या. हिशेब करून पाहा. त्या जोडातून २५ अँपिअर जात असतील आणि तिथे दीड व्होल्ट हरवत असतील तर तिथे जवळपास ३७ वॅट उष्णता तयार होते. रेडिओवाल्याची साधी सोल्डरची इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे माझ्या बॉनेटखाली आठवडाभर एक सोल्डरची इस्त्री लावून ठेवली होती आणि तिचा खर्च बॅटरीच्या ताटातून जात होता. मंद दिव्याचंही तेच उत्तर: डी प्लसच्या बाजूला १४.४, किल्लीच्या बाजूला १२.९, मधला दीड व्होल्ट दिव्याला मिळाला. तेवढ्यात तो बिचारा जेवढा पेटला तेवढा पेटला.

माझं मत असं झालंय की पेण-रोह्याच्या पट्ट्यात आधी जोडावर संशय घ्यावा, यंत्रावर नंतर. एका बाजूला खाडी, खारेपाट आणि मिठागरांवरून येणारी खारट हवा, दुसऱ्या बाजूला चार महिने कोसळणारा पाऊस, आणि महामार्गाचं रुंदीकरण वर्षानुवर्षं चालल्यामुळे चाकांनी उडवलेला चिखल थेट इंजिनापर्यंत. खारं पाणी दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात बसलं की तिथे स्वतःच एक बारकी, खाणारी बॅटरी तयार होते. तांब्याचा लग, पितळेचा नट, लोखंडाची बॉडी. ऋतू एक पुरतो. सगळ्यात उपेक्षित सांधा इंजिनापासून चासीला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीचा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला अर्थ मिळतो तो त्या विणलेल्या पट्टीतून. ती गंजली की सेल्फचा प्रवाह दुसरी वाट शोधतो, कधी कधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, आणि केबल गरम होऊन अडकते. मालक केबल बदलतो. सेल्फच्या वेळी २०० अँपिअर वाहत असताना सांध्यात ओमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा असला तरी दोन व्होल्ट तिथेच जातात. मीटरच्या ओमच्या रेंजवर एवढासा अडथळा दिसतही नाही. म्हणून सांधा नेहमी चालू प्रवाहात, व्होल्टमध्ये तपासायचा. बॅटरीच्या खांबावरची पांढरी-निळी पूड कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवावी, कोरडं करावं, घट्ट करावं आणि वरून व्हॅसलीन. घट्ट करण्याआधी नाही, नंतर.

पट्ट्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भिजल्यावर चीं करतो तो सैल आहे किंवा झिजून चकचकीत झालाय. व्ही पट्टा दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. आवाज घालवायला त्यावर साबण घासणारे आहेत. आवाज जातो, पकडही जाते. आणि रागाने फार ताणला तर पहिला बळी अल्टरनेटरच्या पुढच्या बेअरिंगचा.

अल्टरनेटर खरंच उतरवावा लागला तर बाकावरचं काम निगुतीचं, पण अवघड नाही. त्या दिवशी मिस्त्रींच्या टपरीत धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टँकरचा अल्टरनेटर उघडलेला होता, तोच दाखवत त्यांनी समजावलं. रोटरच्या दोन तांब्याच्या कड्यांवर मीटर लावला की १२ व्होल्टच्या यंत्रात साधारण अडीच ते पाच ओम यावेत. २४ व्होल्टच्यात जास्त. काहीच आलं नाही तर वेटोळं तुटलंय. कडी आणि मधला दांडा यांत मात्र काहीच यायला नको. आलं तर आत शॉर्ट. स्टेटरच्या तिन्ही टोकांत एकमेकांशी वाट हवी, लोखंडाशी नको. त्याला वास घ्यायचा: जळक्या वॉर्निशचा वास लपत नाही. डायोड प्लेट सोडवून एकेक डायोड मीटरच्या डायोडच्या रेंजवर दोन्ही दिशांनी. एकीकडे अर्ध्या व्होल्टच्या आसपास, दुसरीकडे बंद. दोन्हीकडे वाट मिळाली तर तोच चोर, रात्री गाडी उभी असताना बॅटरी पिणारा. कड्या काळ्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने फिरवत साफ करायच्या. कार्बन पाच मिलिमीटरच्या आसपास आले की बदलायचे. बेअरिंगवरचा आकडा बाजारात सांगायला उपयोगी पडतो. ६३०३ असेल तर शेवटचे ०३ म्हणजे १७ मिलिमीटरचं भोक. ०४ पासून पुढे त्या आकड्याला पाचाने गुणायचं. हे कळल्यापासून बेअरिंगच्या दुकानात मी उगाच शहाणपणा करतो.

एक गोष्ट त्यांनी बजावली: गुंडाळी पेट्रोलने धुवायची नाही, तारांवरचं वॉर्निश मऊ पडतं. कोरडा ब्रश आणि हवा. पुरात बुडालेला असेल तर फक्त वाळवून लावणं म्हणजे पंधरा दिवसांची उधारी. जुलै २०२१ला सावित्रीच्या पाण्यात महाडची बाजारपेठ गेली त्यानंतर अशा यंत्रांचे ढीग लागले होते असं ते म्हणाले. चिखल बेअरिंगच्या सीलमधून आत शिरतो आणि तांब्याच्या कड्यांवर खड्डे पडतात, तेव्हा ते दोन्ही भाग बदलूनच यंत्र चढवावं.

गेलेल्या डायोडची चाहूल तो उतरवण्याआधीही घेता येते. इंजिन चालू ठेवून मीटर एसीच्या रेंजवर लावायचा आणि बॅटरीवर टेकवायचा. सहाही डायोड नीट असतील तर जवळपास काही येत नाही; अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर एखादा गेला. पण अगदी स्वस्तातले काही मीटर एसीच्या रेंजवर सरळ वीजही दुपटीने मोजून २८-३० असा भलताच आकडा दाखवतात. तसा आला तर अल्टरनेटरला नाही, मीटरला दोष द्यावा.

आणि आता ती सवय, जिच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल उचकायचं. इंजिन बंद पडलं तर 'डायनामो गेला', चालू राहिलं तर 'बरा आहे'. पेणपासून पार कोलाडपर्यंत मी हे पाहिलंय, आणि करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टरचा आत्मविश्वास असतो. डायनामोच्या काळात हे खपून जात होतं. अल्टरनेटर मात्र बॅटरीला टेकून चालतो. भरात चार्जिंग करत असताना ती अचानक काढली की रोटरचं चुंबकत्व लगेच ओसरत नाही, वीज तयार होतच राहते आणि जायला जागा नसते. क्षणभर व्होल्टेज शंभराच्या घरात उसळू शकतं. त्यात डायोड, रेग्युलेटर आणि इंजिनाचा संगणक यांपैकी कोण वाचेल ते नशीब. गंमत म्हणजे ही परीक्षा काही सांगतही नाही. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल टेम्पोला किंवा तीनचाकी मिनीडोरला चालत राहायला विजेची गरजच नसते. अल्टरनेटर पार मेलेला असला तरी इंजिन धडधडत राहणार आणि मिस्त्री मान डोलावणार. मेलेल्याला जिवंत ठरवणारी आणि जिवंताला मारणारी अशी ही परीक्षा आहे.

याच जातीचे आणखी दोन अपघात पेणला खास होतात. मूर्ती दोन थरांत बसाव्यात म्हणून टेम्पोच्या हौद्यात लोखंडी चौकट वेल्ड करून घेतात. बॅटरीचं ऋण टर्मिनल न सोडता बॉडीवर वेल्डिंग केलं की तो प्रवाह कुठून कुठे फिरेल सांगता येत नाही, आणि डायोड जातात. दुसरा म्हणजे रात्री, पावसात, घाईत दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार उलटा जोडणं. ठिणगी दिसते तोवर सहाच्या सहा डायोड गेलेले असतात.

टँकर आणि ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची, म्हणजे १२च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक, चार्जिंग २८च्या आसपास. त्यांच्यात एक वेगळाच घोटाळा. चालक गाण्यासाठी किंवा मोबाइलसाठी १२ व्होल्ट हवे म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढतो. ती कायम अर्धी रिकामी, तिची जोडीदार कायम जास्त भरलेली. मीटर दोन्हींवर मिळून लावला तर २८ बरोबर दिसतात. एकेकीवर लावला तर एक १३ आणि दुसरी १५. सहा महिन्यांत दोन्ही मरतात, एक उपासमारीने, दुसरी अजीर्णाने.

रोहा स्टेशनवर हाच खेळ मोठ्या मापात पाहिलाय. इथे मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वे सुरू होते. जुन्या निळ्या डब्यांखाली वाकून पाहिलं तर चाकाच्या आसावरून चार पट्टे एका लोखंडी पिंपासारख्या यंत्राला गेलेले दिसत. तोही अल्टरनेटरच: साध्या डब्याला साडेचार किलोवॅट, वातानुकूलित डब्याला २५, आणि खोक्यात ११० व्होल्टची बॅटरी. सिग्नलला गाडी फार वेळ थांबली की पंखे मंदावायचे, दिवे पिवळे पडायचे. वडखळची रांग ती हीच.

नव्या गाड्यांत मात्र जुने आकडे डोळे झाकून वापरता येत नाहीत. आता रेग्युलेटरला हुकूम इंजिनाचा संगणक देतो. वेग घेताना तो चार्जिंग कमी करून इंजिनाचं ओझं हलकं करतो, ब्रेक लावताना वाढवतो. अशा गाडीत बॅटरी भरलेली असताना १२.८ दिसले तर तो आजार नाही. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर, ब्लोअर सगळं लावून पाहायचं. तेव्हा आकडा चढला तर यंत्र जागं आहे. २०१५मध्ये मारुतीने सियाझमध्ये आणलेल्या एसएचव्हीएस नावाच्या यंत्रणेत तर अल्टरनेटर आणि सेल्फ एकाच यंत्रात आले. विजेवरच्या गाडीत अल्टरनेटरच नाही, पण १२ व्होल्टची बारकी बॅटरी तिथेही आहे आणि ती उपाशी राहिली तर एवढी मोठी गाडीही दार उघडत नाही.

माझ्या गाडीचा लग मिस्त्रींनी कापून टाकला, चांगल्या तांब्यापर्यंत वायर सोलली, नवा लग दाबला, वरून सोल्डर सोडलं, नळी चढवली. बॅटरीवर १४.२. दिवा पुरता विझला. पण तशीच गाडी नेऊ दिली नाही. अल्टरनेटर तिजोरीत भर घालायला असतो, रिकामी तिजोरी भरायला नाही. तळाला गेलेली बॅटरी त्याच्यावर सोडली तर तो तासन् तास पूर्ण भारावर तापतो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार्जरवर लावली, साडेतीन अँपिअरवर, सावकाश, रात्रभर. मी मुक्काम रोह्यातच केला. मजुरी घेतली ती नव्या बॅटरीच्या किमतीच्या मानाने सांगायलाही लाज वाटावी अशी. परतताना पेणला आधी त्या दुकानात गेलो, जुनी बॅटरी परत मिळेल का विचारायला. ती भंगारात गेली होती.

यंदा सिगारेट लायटरच्या भोकात बसणारं छोटं व्होल्टमीटर लावून घेतलंय. बॅटरीवरच्यापेक्षा तिथे पाव-अर्धा व्होल्ट कमीच दिसतो, पण चढ-उतार कळतो. परवा रात्री वडखळच्या अलीकडे रांगेत होतो. पुढे ताडपत्रीखालच्या मूर्ती, मागे मिनीडोर, पाऊस मुसळधार. आकडा १३.६ वरून १३, मग १२.७. मी ब्लोअर बंद केला आणि काच फडक्याने पुसली.